शस्त्रक्रियेनंतरची सोबत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणिसांनी केली, तेव्हा आम्ही वैद्य नव्हे, हे त्यांस निक्षून सांगितले. तथापि आमच्या घरी घडले ते सांगण्यास पदवी लागत नाही.

आमच्या धाकट्या बंधूंवर २०२१ साली पुण्यास वजन उतरविण्याची ‘बायपास’ शस्त्रक्रिया झाली. तीत जठराच्या वरच्या टोकाची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. वजन उतरते, परंतु ब-१२, लोह, कॅल्शियम ही पूर्वीसारखी अंगी लागत नाहीत, म्हणून गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. शाकाहारी घरांत ब-१२ची शिल्लक बहुधा आधीच तुटपुंजी. शस्त्रक्रिया काही तासांची, पथ्य मात्र आयुष्याचे! आणि त्या पथ्याच्या आड आम्हीच आलो. एका मुंजीच्या पंक्तीत आम्ही त्यांस श्रीखंडाचा आग्रह केला. अर्ध्या तासात त्यांस दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली. गोड पदार्थ वेगाने आतड्यात उतरल्याने असे होते, हे आम्हांस मागाहून कळले.

आम्ही राहतो सोलापूर जिल्ह्यात. वर्षभराने पुण्याच्या खेपा टळू लागल्या, तेव्हा रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंनी बंधूंच्या मोबाइलवर एक ॲप घालून दिले. दर सोमवारी वजन भरावयाचे. रोज प्रथिने किती ग्रॅम पोटात गेली (६०च्या खाली नकोत), किती पावले चाललो, हे लिहावयाचे. गोळी घेतली की खूण करावयाची. सोय खरोखरच उत्तम. एस.टी.चा प्रवास नाही, रजा नाही.

परंतु यंत्र भोळे असते. बंधूंनी गोळ्या केव्हाच सोडल्या होत्या आणि खूण मात्र नित्यनेमाने चालू होती! २०२३ साली तळपायांस मुंग्या येऊ लागल्या, तेही त्यांनी कोणास सांगितले नाही. पुढे वजन पुन्हा चढू लागले, तेव्हा लाजेने सोमवारची नोंद चुकविली. तीन सोमवार रकाना रिकामा दिसताच बाईंनी स्वतः फोन केला. रक्त तपासले, ब-१२ फार खाली गेले होते. इंजेक्शने सुरू झाली आणि मुंग्या हळूहळू ओसरल्या.

खोटी खूण का केली, असे आम्ही विचारले. “दादा, खूण केली नाही तर फोन वाजत राहतो, आणि घरातले सगळे विचारतात,” ते म्हणाले. यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

म्हणून ज्यांच्या घरी हा विचार चालू असेल, त्यांनी ॲप कोणते एवढेच न विचारता, त्यातील नोंदी कोण वाचते व केव्हा वाचते, हेही विचारावे. उलट्या थांबत नसतील, पाणीही ठरत नसेल, तर मोबाइलवरील उत्तराची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आजच्या भोजनास बंधू आमच्या शेजारीच बसणार आहेत. वाढणाऱ्या तरुण मंडळींनी त्यांच्या ताटाशी थांबू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.