रस्ता कोणाचा?

(वसई येथे कार्यकर्त्यांसमोर झालेले भाषण)



मोटारींच्या शर्यतीचा आणि वसई-विरारच्या कार्यकर्त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध रस्त्याचा आहे.

देशातील मोटार-शर्यतींच्या हंगामाची सांगता डिसेंबरात नवी मुंबईत, पाम बीच रस्ता व नेरूळ तलावाच्या परिसरात होईल, अशी घोषणा २०२५ साली झाली. पावणेचार किलोमीटरांचा, चौदा वळणांचा मार्गही जाहीर झाला. करार खासगी कंपनी आणि महानगरपालिका यांच्यात. पण त्या वेळी महानगरपालिका म्हणजे कोण? लोकनियुक्त सभागृहाची मुदत मे २०२० मध्येच संपली होती आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. ज्यांच्या दारातील रस्ता अडवला जाणार, त्यांच्या वतीने हरकत घेण्यास सभागृहात एकही नगरसेवक नव्हता, सभागृहच नव्हते.

याचे दुसरे टोक हैदराबादेत दिसले. तेथे हुसेनसागराच्या काठी फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. राज्यात सत्तांतर होताच पुढील वर्षीची शर्यत रद्द झाली आणि परदेशी आयोजकांना दिलेल्या पैशांवरून डिसेंबर २०२४ मध्ये माजी मंत्र्यावर गुन्हा नोंदला गेला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. नागरिकांनी घ्यावयाचा धडा निराळा आहे : पैशाचा हिशेब शर्यतीआधी चव्हाट्यावर मागितला गेला नाही, म्हणून तो नंतर पोलिसांच्या दप्तरात शोधावा लागला.

समाजवाद्यांचे खेळाशी वैर नाही. वसई-विरारमध्येही २०११ पासून मॅरेथॉन भरते आणि त्या सकाळी रस्ते बंद असतात. परंतु तेथे गावचीही पोरे-पोरी धावतात आणि दुपारपर्यंत रस्ता पुन्हा रिक्षावाल्याचा व भाजीवालीचा होतो. मोटार-शर्यतीसाठी मात्र कठडे, कुंपणे, प्रेक्षकांचे सज्जे उभारावे लागतात. नफा तिकिटे व जाहिराती विकणाऱ्याचा आणि खोळंबा रोजंदारीवर जगणाऱ्याचा.

संमतीवाचून घेतलेल्या निर्णयाचे चटके वसईने सोसले आहेत. जुलै २००९ मध्ये चार नगरपालिका व त्रेपन्न गावे एकत्र करून येथील महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा गावे वगळण्यासाठी लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. पुढे येथेही जून २०२० पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत लोकनियुक्त सभागृह नव्हते. जुलै २०१८ च्या पुरात विरारची लोकल बंद पडली, माणसे घराघरांत अडकली; या शहराची निकड कोणती, हे त्या पाण्याने सांगितले होते.

आता सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली आहेत. उद्या असा प्रस्ताव वसई-विरारमध्ये आला तर कार्यकर्त्यांनी चार मागण्या धराव्यात. करार मराठीत छापून प्रभागाप्रभागांत वाटावा. त्यावर सभागृहात उघड चर्चा व मतदान व्हावे. रुग्णवाहिकेची वाट आधी आखावी. बुडालेल्या रोजगाराची भरपाई आयोजकाकडून आगाऊ भरून घ्यावी. तीन लाखांवरील लोकवस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, हे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने सांगितलेच आहे. त्या समित्या जाग्या ठेवणे हे पक्षाचे रोजचे काम होय.

रस्ता जनतेच्या पैशाने होतो. तो बंद करण्याचा अधिकारही जनतेला विचारूनच वापरला पाहिजे.