शहरांनी एकमेकांपासून काय शिकावे?

(खंडाळा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



हवामानबदलाची चर्चा जागतिक परिषदांत होते. उन्हाचा तडाखा मात्र गावात बसतो, आणि तोही सर्वांना सारखा बसत नाही. म्हणूनच एका शहराने दुसऱ्यापासून काय शिकावे, हा मूलतः राजकीय प्रश्न आहे.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. या अनुभवातून महापालिकेने २०१३ साली उष्णतेला तोंड देण्याचा कृती आराखडा केला. हवामानाच्या अंदाजावरून नागरिकांना आगाऊ इशारा, रुग्णालयांची सिद्धता आणि पिण्याच्या पाण्याची सोय ही त्याची प्रमुख अंगे होत. दक्षिण आशियातील असा हा पहिलाच आराखडा. नागपूरसह अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले, हे स्वागतार्हच आहे.

परंतु अनुकरणात मर्म हरवण्याचा धोका असतो. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये देशातील ३७ आराखडे तपासले. सर्वाधिक धोका कोणाला, याची रीतसर पाहणी त्यांपैकी केवळ दोहोंत आढळली. पैसा कोठून आणावयाचा, याचा विचार ११ आराखड्यांतच होता. अहमदाबादेचा मसुदा गावोगाव पोहोचला. माणसे मोजण्याची शिस्त मागेच राहिली.

खंडाळा तालुक्याचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा. तालुका पर्जन्यछायेतला, शिरवळला कारखाने, लोणंदला कांद्याची बाजारपेठ. पत्र्याच्या छपराखाली राबणारा कंत्राटी कामगार, भर दुपारी पोती वाहणारा हमाल, रानात खुरपणारी मजूर स्त्री यांना दुपारी सावलीत बसा, असे सांगणे सोपे आहे. पण सावलीत बसले की त्यांची मजुरी बुडते. बुडालेली मजुरी पाणपोईने भरून निघत नाही. कामाच्या वेळेतील बदल आणि मजुरीची हमी यांवाचून कोणताही आराखडा श्रमिकांच्या दृष्टीने कोराच राहील. हे अशक्यही नाही. हमालांच्या मजुरीला कायद्याने संरक्षण देता येते, हे महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने सिद्ध केले आहे.

खंडाळा व लोणंद या दोन्ही ठिकाणी नगरपंचायती आहेत. उन्हाळ्यातील मृत्यूंची वय व व्यवसायानुसार नोंद त्यांनी ठेवावी, आणि आराखडा अंदाजपत्रकातील तरतुदीसह सभेपुढे मांडावा, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला पाहिजे. उन्हाळा येण्यापूर्वीच या कामाला आरंभ व्हावा.