तुटलेला माळ

(ग्रामपंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्यासमोर सोलापूर येथे दिलेले भाषण)



सोलापूरहून बार्शीच्या वाटेला लागले की वीसेक किलोमीटरवर नान्नज येते. हे नाव सर्वदूर गेले ते माळढोकामुळे. मीटरभर उंचीच्या या भारदस्त पक्ष्यासाठी शासनाने १९७९ साली सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित केले. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु त्यात खाजगी शेते होती, नांदती गावे होती. पक्ष्याला हवे असलेले गवताळ माळ मात्र विखुरलेलेच होते. जमिनीचे व्यवहार अडले आणि शेतकऱ्याच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले.

पूर्वी माळ आणि रब्बी ज्वारीचे रान यांची सलग वीण होती. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घाली आणि नाकतोडे टिपत शेतात उतरे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, कालवे आले, कूपनलिका खोल गेल्या आणि अनेक शिवारांत ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. ज्याने १९७२ चा दुष्काळ सोसला, त्याला उसाबद्दल दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. पण दूरवर नजर टाकून जगणाऱ्या या पक्ष्याला ऊस म्हणजे भिंतच. विजेच्या तारा त्याहून घातक. त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही. शिवाय तुकडा जितका लहान, तितका त्याच्या कडांचा उपद्रव अधिक. कडेने कुत्री शिरतात, गुरे शिरतात. एका अंड्याला तेवढे पुरते.

आपल्या दप्तरी माळाला 'पडीक' म्हणतात. हा शब्द मीही प्रसिद्धिपत्रकांतून निःशंकपणे लिहिला आहे. पडीक म्हटले की पावसाळ्यात वृक्षारोपणाचे उद्दिष्ट तेथेच पुरे करावेसे वाटते. परंतु माळावर दाट झाडी उभी करणे म्हणजे काळवीट, लांडगा, धाविक यांचे घर मोडणेच होय.

आज निसर्गात उरलेले माळढोक सुमारे दीडशे, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तरी वार्ता होते. जैसलमेर जिल्ह्यात सम येथे २०१९ पासून माळढोकांची अंडी उबवून पिल्ले वाढविली जात आहेत. ती कधीकाळी इकडे आणायची म्हटले, तरी सोडायची कोठे?

म्हणून एक विनंती. गायरानावर रोपे लावण्याचा ठराव ग्रामसभेपुढे आला, तर प्रथम तेथे जाऊन गवत पाहावे. पवन्या, कुसळी उभी असेल, तर रोपे रस्त्याकडेला, शाळेभोवती, ओढ्याकाठी लावावीत. शिक्षकांनी मुलांना श्रावण-भाद्रपदात एकदा त्या माळाच्या कडेवर न्यावे. आत नव्हे, कारण तोच विणीचा काळ असतो.