यंत्र जुनं, पण आतली चिप कोणती?

(नवी मुंबईतील सीवूड्स येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. सुरक्षेची डागडुजी आणखी वर्षभर मिळवायची सोय आहे, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची यंत्रणा लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१५ साली घेतलेला लॅपटॉप बाद. आपल्या सीवूड्समध्ये असे लॅपटॉप घरोघरी आहेत. मुलगी इंजिनिअरिंगला असताना घेतलेला. ती आता न्यू जर्सीत, लॅपटॉप इथे कपाटात. स्क्रीन धड, कीबोर्ड धड, आणि तरी भंगारात काढायच्या यादीत.

विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या लिनक्स या सिस्टीमचं गुणगान करायला मी उभा नाही. ते चकटफू आहे, १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केलं, हे तुम्ही ऐकलेलं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. जुना लॅपटॉप पुन्हा कामाला लागेल की नाही, हे त्याच्या वयावर किंवा झाकणावरच्या नावावर ठरत नाही. त्याच्या आतल्या चार-पाच छोट्या चिपांशी कसं बोलायचं, हे त्या बनवणाऱ्यांनी जगाला सांगितलं आहे का, यावर ठरतं.

ड्रायव्हर म्हणजे सिस्टीम आणि चिप यांच्यातला दुभाष्या. चिपची भाषा कंपनीने लपवून ठेवली, तर दुभाष्या आणायचा कुठून? या भांडणाला चाळीस वर्षं उलटून गेली आहेत. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की लोकांना निरोप जावा, अशी सोय तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरमध्ये स्वतः लिहून केली होती. नव्याचा सोर्स कोड मिळेना, म्हणून ती करता येईना. त्या रागाचा पुढच्या घडामोडीत मोठा वाटा आहे. १९८३मध्ये त्यांनी खुल्या सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला.

लॅपटॉपच्या बाबतीत हे दुखणं मुख्यतः वायफायचं. ब्रॉडकॉमच्या चिपा असंख्य लॅपटॉपांत होत्या आणि त्यांची माहिती बंद होती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने मूळ ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते याचं वर्णन लिहिलं. दुसऱ्याने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न पाहता, केवळ त्या वर्णनावरून नवा लिहिला. चोरीचा आरोप नको म्हणून. २००६मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात आला. तरी एक अडचण उरलीच. चिपच्या आत चालणारा तिचा स्वतःचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, वाटायची परवानगी नव्हती. तो कंपनीच्या ड्रायव्हरमधून आपला आपण कापून घ्यावा लागे. त्यासाठी फाइल उतरवायची इंटरनेटवरून, आणि इंटरनेट हवं तर वायफाय सुरू पाहिजे! आज यावर साधा तोडगा आहे: मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. पुढे २०१०मध्ये ब्रॉडकॉमनेच नव्या चिपांचा ड्रायव्हर खुला केला.

सगळं सॉफ्टवेअर खुलंच हवं या तत्त्वाला घट्ट धरून राहिलेल्या डेबियन या लिनक्सच्या प्रकारानेही २०२२मध्ये मतदान घेऊन असं बंद फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच द्यायचं ठरवलं. जून २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून ते मिळतं. काहींना हा पराभव वाटला. मला तो शहाणपणा वाटतो. तत्त्व शाबूत आणि वायफाय बंद, असा लॅपटॉप शेवटी भंगारवाल्याकडेच जातो.

आता प्रत्यक्ष काम. आधी सगळ्या फाइलींचा बॅकअप. मग पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ४ जीबी रॅमवर ती व्यवस्थित चालते. फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा. त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापर्यंत जायचीही गरज नाही. या एका बदलाने जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याही सिस्टीमने पडत नाही. मात्र टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल, तर बॅटरी फुगली आहे. आधी ती बदला, मग पुढचं.

काहीही इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच लॅपटॉप सुरू करा आणि अर्धा तास वापरा. गाणं लावा, वायफाय घेऊन आतल्या खोलीत जा, ब्राइटनेस कमी-जास्त करा, झाकण मिटून पुन्हा उघडा. आपल्याकडे या यंत्राचं खरं काम परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं, तेव्हा कॅमेरा आणि माइक नक्की पाहा. कॅमेऱ्याची सहसा काळजी नसते. यूएसबी कॅमेऱ्यांची एक सामाईक भाषा ठरलेली आहे आणि तिचा ड्रायव्हर २००८पासून लिनक्सच्या गाभ्यात आहे.

एखादी गोष्ट चालली नाही, तर लॅपटॉपचं मॉडेल शोधत बसू नका. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळ्या चिपा घालतात. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड द्या, जोडीला डॅश आणि दोनदा एन. प्रत्येक चिपपुढे दोन आकडे दिसतील: पहिला कंपनीचा, दुसरा चिपचा. इंटेलचा आकडा ८०८६ आहे, त्यांच्या १९७८च्या प्रसिद्ध प्रोसेसरचा. ही जोडी म्हणजे तुमच्या चिपची खरी ओळख. मदत मागायची ती हिच्या नावाने.

एक उदाहरण देतो. रिअलटेकची आरटीएल ८७२३बीई ही चिप दहाएक वर्षांपूर्वी स्वस्त लॅपटॉपांत बरीच असे. तिच्यावर अँटेनाच्या दोन जागा. काही लॅपटॉपांत तार एकाच जागेला जोडलेली, आणि कोणत्या, याची चिपमधली नोंद चुकीची. लिनक्सचा ड्रायव्हर त्या नोंदीवर विसंबून रिकाम्या जागेवर कान लावून बसतो. राउटरशेजारी वायफाय झकास, स्वयंपाकघरात गायब! लोक राउटर बदलतात. उपाय आहे एका ओळीचा: ड्रायव्हरला ‘अँट-सेल’ हा पर्याय १ किंवा २ द्यायचा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा.

झोपवलेला लॅपटॉप जागा न होणं, ब्राइटनेसच्या कळा न चालणं, यामागे बहुधा बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा कंपनीचा प्रोग्राम, असतो. तो पुष्कळदा विंडोजवरच तपासलेला. सुरू होताना तो विचारतो, कोणती सिस्टीम आहे? लिनक्स चक्क विंडोज असल्याची बतावणी करतं. खरं सांगितलं, तर बायोसमधल्या कुणी कधी न तपासलेल्या वाटेवर जाऊन आपटण्याची भीती! तरीही काही यंत्रांना सुरुवातीला वेगळी सूचना द्यावी लागते.

हे सगळं मराठीत, गावात चालतं का? २००७मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. आत लिनक्स, रॅम २५६ एमबी, साठवण १ जीबी. यंत्र लिनक्ससाठीच घडवलेलं, म्हणून एवढ्यावर निभावलं. गंमत म्हणजे त्यातही एक चिप बंद फर्मवेअरची होतीच, वायफायची, आणि त्यावरून जगभर वाद झाला. मराठी अक्षरांसाठीही इथे कामं झाली आहेत. जुहूच्या एनसीएसटीने लिनक्सवर भारतीय भाषांसाठी इंडिक्स केलं. ती संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि सी-डॅकचं केंद्र आज आपल्या खारघरला आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये येतोच. अडतात त्या जुन्या फाइली. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटात टंकलेली सोसायटीची इतिवृत्तं लिनक्सवर अगम्य चिन्हांसारखी दिसतील. विंडोज काढून टाकण्याआधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या.

काही ठिकाणी लिनक्स नको, असं मी स्वतःच म्हणेन. टॅलीवर हिशेब असतील, डिजिटल सहीच्या टोकनने निविदा भरत असाल, तर विंडोज राहू द्या. बोटाचे ठसे वाचणारी बरीच यंत्रं लिनक्सवर चालत नाहीत. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर उशीर झाला आहे. ऑगस्ट २०२५च्या तेराव्या डेबियनने त्यासाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. आणि कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत दिसतो, तो कॅप्ट नावाची स्वतःची भाषा बोलतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण तो जुन्या ३२ बिटच्या लायब्ऱ्या मागतो. हाताशी जाणकार नसेल तर रविवार जातो. नवा प्रिंटर घेणार असाल तर दुकानदाराला एअरप्रिंट आहे का, एवढंच विचारा. ते असेल तर सहसा ड्रायव्हर लागतच नाही. ‘लिनक्सवर चालेल का’ असं विचारलंत तर तो नाही म्हणेल, आणि बहुधा ते चुकीचं असेल.