माझी जुनी एकतारी
(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



परवा वर्ग सुटल्यावर आपल्यातले एक भाऊ माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "गुरुजी, माझी पोरगी भजन फार गोड म्हणते. तिला चांगलं भारी वाद्य घेऊन द्यावं म्हणतो. बियाण्यासाठी ठेवलेले पैसे आहेत. कमी पडले तर उसने काढीन." मी त्यांना तेव्हा उत्तर दिले नाही. म्हटलं, सगळ्यांसमोरच बोलू. त्यांचे नाव मी सांगणार नाही. पण आज ही एकतारी बरोबर आणली आहे, ती त्यांच्यासाठी.

ही नीट पाहा. खाली भोपळा, त्यात बसवलेली बांबूची दांडी, वर एक खुंटी आणि एकच तार. भोपळ्याला तडा गेला होता, तो मी लाख लावून बुजवला. माझा अंगठा घासून घासून दांडीला खळगा पडला आहे. तारसुद्धा वाद्याच्या दुकानातली नाही. सायकलच्या ब्रेकच्या वायरीत बारीक तारा पिळलेल्या असतात, त्यातली एक सोडवून लावली आहे. १९८२ साली मी नोकरीला लागलो. त्या वर्षी बाजारात पंधरा रुपयांना घेतली. तेव्हा पंधरा रुपयेही मला जड वाटले होते.

मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या मुलाने मला मिरजेचा तंबोरा आणून दिला. मिरज सांगली जिल्ह्यात आहे. आपले अक्कलकुवा महाराष्ट्राच्या या टोकाला, तर मिरज त्या टोकाला. तिथे दीडशे वर्षांहून जास्त काळ सतारी आणि तंबोरे बनतात. पूर्वी हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी होती. त्यांच्यातलेच कारागीर पुढे या कामात शिरले. तंबोऱ्याचे मोठमोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. हे भोपळे भाजीचे नव्हेत बरं का! ते पिकू देतात आणि चांगले वाळवतात. दांडीला तून नावाच्या झाडाचे लाकूड लागते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

तंबोऱ्याला चार तारा असतात. या तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा कारागीर हळूहळू घासून किंचित गोलसर करतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतात. धागा नेमक्या जागी आला की एकदा तार छेडावी आणि नाद घुमत राहावा. याला जवारी म्हणतात. मी खोटं कशाला बोलू? त्या तंबोऱ्याचा आवाज माझ्या एकतारीपेक्षा शंभरपट गोड होता. पहिल्या रात्री मी तो एकटाच छेडत बसलो आणि डोळ्यांत पाणी आले.

पण पुढे काय झालं ते ऐका.

आमच्याकडे दर गुरुवारी भजनाला माणसं जमतात. तंबोरा आला आणि मी सगळ्यांना सांगू लागलो, "जपून हं. हात लावू नका. भोपळा फुटेल." पोरं लांब बसू लागली. एक म्हातारी बाई वर्षानुवर्षे माझी एकतारी हातात घेऊन गायची. ती म्हणाली, "गुरुजी, हे मोठ्या लोकांचं आहे. मी आपली टाळ्या वाजवते." पावसाळ्यात लाकूड ओल धरायचे आणि तारा उतरायच्या. त्या लावता लावता निम्मे भजन संपायचे. जवारी बिघडली तर ती काढून देणारा माणूस इथे कुठला? एकदा मोलगीला भजनाला गेलो. जीपमध्ये घाटाच्या वळणावळणाला मी तंबोरा पोटाशी धरून बसलो होतो. तिथे पोचेपर्यंत गाण्याची हौसच उरली नाही. हळूहळू भजनाला येणारी माणसं कमी झाली. याला कारण मीच, हे कळायला मला सहा महिने लागले. मास्तर माणूस, दुसऱ्यांच्या चुका लवकर दिसतात!

एका गुरुवारी मी तंबोरा गवसणीतून काढलाच नाही. खुंटीवरची एकतारी काढली आणि त्या बाईच्या हातात दिली. तिने तारेवर बोट मारले, आणि कोपऱ्यातली पोरं सरकत सरकत पुढे आली.

दिवाळीला मुलगा आला. तंबोऱ्याची गवसणी धुळीने भरलेली पाहून त्याला वाईट वाटले. दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. ते बरोबरच होते. पोराने पै पै साठवून आणलेली वस्तू होती. तिसऱ्या दिवशी मी त्याला सगळे सांगितले. आता तो तंबोरा नंदुरबारला आहे. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या एका मुलीला आम्ही दोघांनी मिळून तो दिला. ती रोज पहाटे त्यावर सूर लावते.

जुनं ते सोनं, असं मी म्हणत नाही. जुनी गळकी बादली घेऊन कोणी विहिरीवर जातं का? पण आपल्या काठीच्या होळीला रात्रभर ढोल घुमतात ते आठवा. ढोलाचं कातडं गारठलं तर शेकोटीशी नेऊन शेकायचं आणि पुन्हा वाजवायचं. त्या ढोलाची किंमत कोणी विचारतं का? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातात काय असायचं? खंजिरी. लाकडाचं कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं. ते १९५५ साली परिषदेसाठी जपानपर्यंत जाऊन आले, पण लोकांच्या मनात ते खंजिरीवालेच राहिले.

तर भाऊ, तुमच्या पोरीचा गळा मी ऐकला आहे. तो चांगला आहे. बियाण्याच्या पैशाला हात लावू नका. पाऊस पडला की पेरणी करा. ही एकतारी आज तुमच्याकडे घेऊन जा. तिला रोज संध्याकाळी वाजवू द्या. शेजारची पोरं मागतील, त्यांनाही द्या. आधी खुंटी पिळून तार तिच्या आवाजाला जुळवायची, ते मी तिला शिकवीन. वर्षभराने तिला आणखी शिकावंसं वाटलं, तर नंदुरबारच्या त्या मुलीच्या गुरुजींकडे आपण दोघे जाऊ आणि काय घ्यावं ते त्यांनाच विचारू.

तार तुटली तर घाबरू नका. सायकलच्या दुकानात जुनी ब्रेक वायर मागा. माझं नाव सांगा, तो पैसे घेत नाही.