घड्याळ कोणाचे खरे?



1 जानेवारी 1906 रोजी सरकारने प्रमाणवेळ लागू केली. मुंबईच्या वेळेपेक्षा ती 39 मिनिटे पुढे होती. म्हणजे त्याच ठोक्याला कामावर यायचे, पण सूर्याच्या हिशेबाने 39 मिनिटे आधी! त्याच महिन्यात मुंबईच्या हजारो गिरणी कामगारांनी याविरुद्ध काम बंद पाडले. घड्याळ हा मजुरीचाच प्रश्न आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

आज भोंगा गेला आणि हजेरीचे यंत्र आले. दोन मिनिटे उशीर दिसला की पगार कापला जातो. आपल्या गांधीबागेतले दुकाननोकर अशी तक्रार घेऊन येतात, तेव्हा मी प्रथम विचारतो: यंत्राने वेळ कोणाकडून घेतली?

संगणकांच्या जाळ्यात वेळ वाटण्याची पद्धत डेव्हिड मिल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने बसवली. 1985 साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात पायऱ्या आहेत. अणुघड्याळ ही शून्य पायरी. त्याला थेट जोडलेला संगणक पहिल्या पायरीवर, त्याला विचारणारा दुसऱ्या. अशा पंधरा पायऱ्या. सोळा म्हणजे वेळ जुळलेलीच नाही.

परंतु पायरी म्हणजे अचूकपणा नव्हे. ती फक्त मुळापासूनचे अंतर सांगते. पहिल्या पायरीवरचा बिघडलेला संगणक चुकेल, तिसऱ्या पायरीवरचा नीट राखलेला बरोबर सांगेल. म्हणून शहाणी व्यवस्था तीनचार ठिकाणी विचारते आणि न जुळणारी साक्ष वगळते. एवढे केले की चूक बहुधा सेकंदाच्या बारीकशा अंशाइतकीच उरते. मग दोन मिनिटांचा फरक येतो कोठून? यंत्र कोणालाच विचारत नाही, किंवा कोणी ते हाताने लावले आहे, म्हणून!

देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. एप्रिल 2022 मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने कंपन्यांना व सरकारी कचेऱ्यांना आदेश दिला, की संगणकांची वेळ या प्रयोगशाळेशी किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राशी जुळती ठेवा.

या बाजारात कापड मोजायचा मीटर शिक्क्याशिवाय चालत नाही. माणसाचा दिवस मोजणारे यंत्रही मालक व कामगार दोघांच्या समक्ष तपासले जावे, आणि तोवर मिनिटांवरून कोणाचाही पगार कापू नये, एवढीच आमची मागणी आहे.