तीन नंबरची मोटर नेमकी कोणती?

आपल्या शहराला पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. धरणाकाठचं पंपगृह, मग फारोळ्याचं जलशुद्धीकरण केंद्र, पुढे नक्षत्रवाडी आणि तिथून गावातल्या टाक्या. या वाटेवर पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं काम पंप आणि मोटरी रात्रंदिवस करतात.

आता समजा, अशाच कुठल्याशा पंपगृहात 'तीन नंबरची मोटर जळाली' अशी रजिस्टरात नोंद झाली. मोटर उतरवून रिवाइंडिंगला दिली, तिच्या जागी स्टँडबाय मोटर बसवली. जळालेली मोटर भरून परत आली, तोवर पाच नंबरची बंद पडली होती, म्हणून ती पाच नंबरवर चढवली. वर्षाअखेरीस साहेब विचारतात, 'तीन नंबरची मोटर यंदा किती वेळा जळाली?' सांगा बरं, यातल्या कुठल्या मोटरीबद्दल बोलायचं?

रजिस्टरातली एकेक ओळ खरी आहे, तरी उत्तर देता येत नाही. कारण 'तीन नंबर' ही जागा आहे आणि मोटर ही वस्तू आहे. आपण दोन्ही एकाच रकान्यात कोंबल्या. संगणकावर देखभालीच्या नोंदींसाठी टेबलं आखताना माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच होते. पहिली यादी जागांची करावी. दुसरी यादी यंत्रांची, कंपनीनं पाटीवर ठोकलेल्या सीरियल नंबरासकट. आणि तिसरं टेबल बसवणीचं: कुठलं यंत्र, कुठल्या जागी, कधीपासून, कधीपर्यंत. 'कधीपर्यंत' रिकामं असेल तर यंत्र आजही तिथंच आहे. स्टोअर आणि वाइंडरचं दुकान हीसुद्धा जागाच धरायची, म्हणजे मोटर कधी हवेत तरंगत नाही.

याचा फायदा काय? वेगवेगळ्या मोटरी एकाच जागी जळत असतील, तर दोष त्या जागेत शोधायचा. पाया हलतोय का, अलाइनमेंट बिघडलंय का, व्होल्टेज पडतंय का, ते पाहायचं. आणि एकच मोटर जाईल तिथं जळत असेल, तर वाइंडिंग करणाऱ्याला जाब विचारायचा. तीन टेबलं वेगळी असतील तरच हा निवाडा होतो.

एकाच टेबलात सगळं भरू नये, हा विचार आजचा नाही. एडगर कॉड नावाचा इंग्रज गणिती, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक म्हणून लढलेला, पुढे अमेरिकेत आयबीएममध्ये काम करत होता. त्यानं 1970 मध्ये एक निबंध लिहून माहिती साध्या टेबलांत मांडायची पद्धत सांगितली. गंमत अशी, की खुद्द आयबीएमनंच ती उचलायला बराच वेळ लावला, कारण त्यांचं जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर बाजारात चाललेलं होतं. कॉडच्या म्हणण्याचं सार एवढंच: एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहा, बाकी सगळीकडे तिचा फक्त क्रमांक द्या.

चला आता वाळूजला. 1985 मध्ये तिथं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्यांचं जाळं वाढत गेलं. अशा वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सची एक्सेल शीट असतेच. तिच्यात एकच मशीन कुठं 'व्हीएमसी 2', कुठं 'व्ही.एम.सी.-02' तर रात्रपाळीत 'दोन नंबरचं व्हीएमसी' असतं. माणसाला कळतं, संगणकाला ही तीन मशीनं वाटतात. म्हणून नाव टाइप करूच देऊ नये, यादीतून निवडायला लावावं. आणि मशीनचा क्रमांक अर्थहीन असू द्यावा. काही हौशी मंडळी क्रमांकातच शॉपचं नाव, लाइनचा नंबर, खरेदीचं साल घालतात. मग मशीन चिकलठाण्याहून वाळूजला हललं, की क्रमांक खोटा बोलायला लागतो.

दुसरी गफलत 'शेवटची सर्व्हिस' या रकान्याची. नवी तारीख टाकली की जुनी पुसली जाते. वाहन उद्योगाच्या पुरवठादारांना लागू असलेलं आयएटीएफ 16949 हे मानक देखभालीचा पुरावा मागतं. दोन बिघाडांमधला सरासरी काळ आणि दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ यांसारखी मोजमापं त्यात अपेक्षित आहेत. लिफ्टची सहा महिन्यांतून एकदा आणि क्रेन, साखळ्या, दोरखंड यांची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी, ही शिस्त तर 1948 च्या कारखाने अधिनियमानंच घालून दिली. पुसलेली तारीख ऑडिटरला दाखवणार कशी? म्हणून काय करायचं ठरलं ते एका टेबलात आणि प्रत्यक्षात काय केलं ते दुसऱ्यात. 'कॉम्प्रेसरचं तेल ठरावीक तास झाले की बदलणे' हे वेळापत्रक. 'अमुक तारखेला बदललं' ही वर्कऑर्डर, आणि प्रत्येक वेळेची ओळ वेगळी. पुढची तारीख लिहून ठेवायची गरजच नाही, ती या दोहोंवरून काढता येते. तासांवर चालणाऱ्या कामांसाठी मीटरच्या रीडिंगचं वेगळं टेबल लागेल. त्यात मीटर बदलल्याची नोंदही घ्या, नाहीतर नवा मीटर शून्यापासून सुरू होतो आणि कॉम्प्रेसर एका रात्रीत तरुण होतो!

वर्कऑर्डरमध्ये वेळा तीन हव्यात: बिघाड कळवला कधी, काम हातात घेतलं कधी आणि मशीन चालू झालं कधी. दोनच लिहिल्या तर फिटर उशिरा आला की दुरुस्तीच लांबली, ते कळत नाही, आणि बोल सगळा फिटरलाच लागतो. बेअरिंगसाठी काम अडकलं असेल तर तो थांबलेला वेळही कारणासकट वेगळा लिहावा. कारणांची यादी छोटी ठेवा. महिनाभरानं निम्म्या नोंदी 'इतर' मध्ये सापडल्या, तर यादी चुकली असं समजा.

स्पेअरचंही तसंच. '6205 बेअरिंग दोन, ऑइल सील एक, बेल्ट' असं एका चौकटीत लिहिलं, तर वर्षात बेअरिंगं किती लागली हे मोजता येत नाही. प्रत्येक स्पेअरला स्वतंत्र ओळ द्या: वर्कऑर्डरचा क्रमांक, स्पेअरचा क्रमांक, नग आणि त्या दिवशीचा दर. इथं कुणी हुशार विद्यार्थी म्हणेल, दर तर स्पेअरच्या यादीत आहेच, दुसऱ्यांदा का लिहायचा? कारण यादीतला दर आजचा आहे. त्या दिवशी काय मोजलं, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती बदलता कामा नये.

भंगारात गेलेलं मशीनही यादीतून काढू नका. त्याच्यापुढे 'सेवेतून बाद' आणि तारीख टाका. ओळ काढली तर त्याच्या सगळ्या जुन्या वर्कऑर्डरी पोरक्या होतात.

सुरुवात करताना जुनी सगळी रजिस्टरं संगणकात चढवायच्या फंदात पडू नका, त्यातच उत्साह संपतो. आधी एकच लाइन घ्या, तिथल्या मशीनांच्या पाट्या वाचून यादी करा. जुन्या रजिस्टरातून मोठ्या दुरुस्त्या आणि मशीन बसवल्याच्या तारखा तेवढ्या उचला. तारीख नक्की सापडत नसेल, तर शेजारी 'अंदाजे' असा एक रकाना ठेवा आणि त्यात तसं स्पष्ट लिहा.